दिपमालाचा नायटा

नायटा काय कुणाला होत नाही? पण तो गल्लीभर सांगत फिरायची दिपमालाची रीत झुंबरबाईंना मुळीच पटली नव्हती. झाकून ठेवायची गोष्ट, आणि सुनेने नळावर चारचौघींत सांगून टाकली, हातांना नायटा झालाय म्हणून.

माहेराहूनच आणला असेल, झुंबरबाई फणकारल्या. सावद्याला केळी धुताना ओल्या कपड्यांत दिवस काढतात ती माणसं. दिपमालाने नुसती मान डोलावली. उलट बोलली नाही, याचाही त्यांना रागच आला.

खरी अडचण आखाजीची, अक्षय्य तृतीयेच्या सणाची होती. धुळ्याच्या त्या गल्लीत सणाचे मांडे झुंबरबाईंच्याच हातचे. पुरणाचा उंडा हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत त्या खापरावर टाकत, तेव्हा बायका कामं सोडून बघत राहत. आता शेजारची सुलक्षणा विचारत होती, नायट्याच्या घरचे मांडे खाणार कोण?

"आखाजीपर्यंत हे घर साफ झालं पाहिजे," झुंबरबाईंनी सुनेला बजावलं.

दिपमाला जळगावला कातडीच्या डॉक्टरकडे निघाली, तर म्हणे घरातल्या बठ्ठ्यांना बोलावलंय. एकाचा राहिला की पुन्हा सगळ्यांना. झुंबरबाई कुरकुरत एसटीत बसल्या. लांब बाह्यांच्या पोलक्यात घामाघूम झाल्या, पण उन्हाने हात काळे पडतात म्हणून बाही काही वर केली नाही.

डॉक्टरने एकेकाला आत घेऊन तपासलं, कातडी खरवडून तपासायला पाठवली. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबांवर तो भलताच चिडला. त्यांनी खाज थांबते आणि बुरशी माजते, म्हणाला. नेहमीच्या गोळीला ती आता दाद देत नाही. रिपोर्ट आल्यावर त्याने गोळी बदलली. मध्येच सोडायची नाही, टॉवेल वेगळे, कपडे उकळून कडक उन्हात.

सुनेच्या पायी मलाही गोळ्या गिळाव्या लागतात, झुंबरबाई गल्लीत सांगायच्या. चुकवली मात्र एकही नाही.

आखाजीला खापर तापलं. बायका जमल्या, पण पाट ओढून कुणी बसेना. आधी दिपमालाचे हात बघू, सुलक्षणा म्हणाली.

दिपमालाने हात पुढे केले. स्वच्छ. कुठे पुसटशी खूणही नाही.

"काय गुणाचं औषध गं," म्हणत सुलक्षणा पाटावर टेकली.

दिपमाला घाईने खापरापाशी बसली. "अक्का, आज मी करते मांडे."

"सरक," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. मनगटापासून कोपरापर्यंत काळपट, सुकलेली वर्तुळं होती. दिपमालाने मान खाली घातली.

"दिपमाला, तू पक्की खोटारडी शे," झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एवढे दिवस माझा नायटा आपला म्हणून मिरवलास. आता माझा मला परत दे, आणि तो उंडा इकडे आण."