कासवाची अट

"मंग त्या कासवाले मेलेला माणूस उठवता येत नाई?" जानरावांनी विचारलं.

"नाई येत, आबा," रागिणी म्हणाली. "गेला तो गेला. जो जिता हाय, त्याच्यासाठीच मागता येते."

अमरावतीच्या दवाखान्यात भर दुपार झाली होती. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि वॉर्डातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. जानराव खाटेवर उशीला टेकून बसले होते, डाव्या हाताला सलाइनची नळी. शेजारच्या खुर्चीत नात, अशा उकाड्यातही लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेली. दोघांच्या मध्ये मोबाइल आणि त्यावर आयुष्य वाढवून देणाऱ्या कासवाचं जपानी कार्टून. कार्टून म्हटलेलं रागिणीला खपत नसे. ॲनिमे म्हणा, ती दर वेळी सांगायची आणि जानराव दर वेळी विसरायचे.

जानराव परतवाड्याजवळचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले आणि हट्टी. दवाखान्याशी त्यांचं जुनं वैर. बायको पार्वताबाई आपल्या पायांनी दवाखान्यात गेल्या आणि चौघांच्या खांद्यावर घरी आल्या, तेव्हापासून या माणसानं दवाखान्याचं नाव टाकलं होतं. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी त्यांच्या अंगात ताप भरायचा. मुलगा शेषराव हातापाया पडला, पण हे हलले नाहीत. पहाटेच्या दहिवराचा ताप आहे, म्हणाले. शेवटी घरी बोलावलेल्या माणसाला थोडं रक्त तेवढं काढू दिलं, तेही मुलाची कटकट थांबावी म्हणून.

आणि मग आभाळ कोसळलं ते नातीवर. रागिणीला रक्ताचं दुखणं निघालं. हे शेषरावनंच सांगितलं. बापाकडे पाहवेना म्हणून तो भिंतीकडे पाहून बोलत होता. नशीब एवढंच, की म्हाताऱ्याचं रक्त नातीच्या रक्ताशी जुळलं होतं. ते आधी औषधानं सकस करायचं आणि मग तिला द्यायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

जानरावांनी सगळं वैर त्याच क्षणी सोडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत तेच आधी चढून बसले.

तेव्हापासून दर पंधरवड्याला ही वारी चालली होती. आल्याआल्या नर्स त्यांच्या हातातून चिमूटभर रक्त काढून न्यायची. एवढ्याशानं काय होईल, असं त्यांनी एकदा विचारलं, तर ते मशीनमध्ये वाढवतात असं रागिणीनं सांगितलं. जन्मभर मूठभर बियाण्याची पोती झालेली पाहिलेला माणूस तो, त्याला हे पटायला वेळ लागला नाही. मग त्यांना सलाइन लावायचे आणि रागिणी तिच्या सुया घ्यायला आतल्या खोलीत जायची. परत यायची तेव्हा हाताला पट्टी असायची आणि डोळे लाल.

केस जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रागिणीनं टोपी घातली त्याच दिवशी जानरावांनी मोतीराम न्हाव्याला घरी बोलावून आपलंही डोकं भादरून घेतलं होतं. नात एकटी का म्हणून टकली राहील? ते केस काही पुन्हा आले नाहीत. म्हातारी जमीन, उगवण कमीच, म्हणून ते स्वतःच हसायचे. अंगातली ताकद उतरली होती, तोंडाची चव गेली होती. पण त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. आपलं कमी होतंय म्हणजे पोरीचं वाढतंय, एवढा सरळ हिशेब होता. आणि पोरीच्या गालावर तेज होतं, ते त्यांना दिसत होतं. स्वतःचा तो संध्याकाळचा ताप कधी पळाला, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"ते कासव मले भेटलं, तर मी तुह्यासाठी अमरपन मागीन," जानराव म्हणाले.

"अमर नका मागू, आबा. अमर माणसाले सगळ्यांच्या मातीले जा लागते. थोडीक वर्षं मागा. तेवढी पुरे."

"मंग माह्यासाठीच मागतो. तुह्यं लग्न पाहीन."

"सोतासाठी मागितलेलं देत नाई ते. दुसऱ्यानं मागा लागते."

"मंग तू माग."

 रागिणीनं मोबाइल उगाच नीट धरला.

पडद्यावर एक मुलगा तळ्याकाठच्या कासवाकडे आईसाठी आयुष्य मागून आला होता. आई बरी झाली, भात लावू लागली, गाणी म्हणू लागली. एके दिवशी शेजारणीनं तिला सगळं सांगून टाकलं आणि ती उभ्या जागी विझली. रागिणीनं डोळे पुसले. हा भाग तिनं आधी पाहिलेला होता, तरी पुसले.

"काहून मेली ते?" जानरावांनी विचारलं. "मुलानं तं मागितलं होतं."

"अट असते, आबा. ज्याच्यासाठी मागितलं, त्याले कळलं नाई पायजे. कळलं का संपलं."

जानरावांना ही अट काही पटली नाही. असलं कसलं कासव, असं ते पुटपुटले. रागिणीनं पुढचा भाग लावला, पण पहाटेपासूनची दगदग तिला भोवली. थोड्याच वेळात तिचा डोळा लागला. मान खुर्चीच्या पाठीवर कलली, टोपी मागे सरकली आणि आत गुंडाळून ठेवलेली वेणी सुटून खांद्यावरून खाली आली. काळीभोर, मनगटाएवढी जाड. पार्वताबाई तेल लावून घालायच्या तशीच.

जानराव त्या वेणीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या हातातल्या नळीकडे पाहिलं आणि वर टांगलेल्या बाटलीकडे. मोकळा हात आपल्या गुळगुळीत डोक्यावर ठेवला. मग नळी ओढली जाणार नाही अशा बेतानं ते वाकले, वेणी हलक्या हातानं गुंडाळली, टोपीत घातली आणि टोपी नातीच्या कानापर्यंत ओढली. ती दचकून जागी झाली तेव्हा ते पहिल्यासारखे उशीला टेकून बसले होते.

"पुन्यांदा लाव व माय," ते म्हणाले. "मले काईच कळलं नाई."