दार उघडं होतं तरी

“दार उघडलं की पळायचं, ताई. मागं वळून बघायचं न्हाई,” शिवहार म्हणाला. “तुमचं तोंड कुठंच दिसणार न्हाई. नुसती पाठ.”

अंजलीने मान हलवली. अंगावर आईचं सुती पातळ होतं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. तिची चाल हुबेहूब आईची आहे, असं सगळं कुरुंदा गाव म्हणायचं. म्हणून तर शिवहारने तिला हिंगोलीहून बोलावून घेतलं होतं.

सिनेमा त्याने चार मित्रांना घेऊन, उसन्या कॅमेऱ्यावर, अंजलीच्या गावच्या याच घरात केला होता. हळदीच्या पोत्यांच्या खोलीत एका बाईला कोणीतरी वर्षानुवर्षं कोंडून ठेवलंय, एवढीच गोष्ट. शेवटी कोंडणारा कडी लावायला विसरतो आणि बाई पळून जाते, असं ठरलं होतं. बाईच्या कामासाठी त्याने शेजारच्या काकूला, म्हणजे अंजलीच्या आईला, गळ घातली.

“मला काय करावं लागंल रे?”

“काही न्हाई काकू. खोलीत नुसतं बसून राहायचं.”

“ते येतंय मला,” आई म्हणाली होती. पोरं खूप हसली होती.

शेवटच्या दिवशी आईने दार ढकललं, पण ती पळाली नाही. उंबऱ्याशी थांबली. पदर डोक्यावर घेतला. समोरच्या कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे बघून तिने ओठ हलवले आणि तशीच उभी राहिली. शेजारी हळद घासायच्या यंत्राचा ढोल घरघरत होता, त्यात तिचे शब्द बुडाले. उद्या परत घेऊ, असं ठरलं. रात्री आईला ताप भरला आणि त्यातून ती उठली नाही. शिवहारने त्या जागी संगीत घातलं आणि सिनेमा तसाच इंटरनेटवर सोडला.

मग बघणाऱ्यांची मतं येऊ लागली. हिंगोलीच्या खोलीवर एकटीच जेवताना अंजली ती वाचायची. ‘तासभर अंगावर काटा, अन् शेवटी माती.’ ‘दार सताड उघडं आणि म्हातारी उभीच. दिग्दर्शक झोपला होता का?’ ‘दादी, भागो ना यार.’ एकाने लिहिलं होतं, ती मंत्र पुटपुटते, कारण ती कधीच मेलेली आहे. त्याच्याखाली दुसऱ्याने हसणारे चेहरे टाकले होते. ‘असल्या बाईला कोंडायची गरजच काय?’ हे एका बाईचंच मत होतं.

  दार उघडं असून आई का थांबली, हा प्रश्न अंजलीलाही पडला होता. ती चित्र तिथेच थांबवायची, पुढे न्यायची, मागे आणायची. आरशासमोर उभी राहून आईसारखे ओठ हलवून बघायची. एकही वाक्य त्यात बसत नव्हतं. शूटिंग बघायला ये, म्हणून आईने फोन केला होता. अंजलीने सुट्टी नाही म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे आईच्या त्या शब्दांत आपल्याविषयी काही असेल, ही आशा धरायचीही तिला चोरी वाटायची. आता तिला ‘अंजे’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

शिवहार शेवट बदलणार म्हणाला, तेव्हा ती लगेच तयार झाली. लोक हसायचे थांबतील, हे एक. आणि निदान पाठमोरी का होईना, आई एकदा त्या दारातून बाहेर पडेल.

“चला,” शिवहार म्हणाला. या वेळी कॅमेरा तिच्या मागे, खोलीत होता.

अंजलीने दार ढकललं. उजेड डोळ्यांवर आला. समोर बैठक. बैठकीत खुर्ची, आणि खुर्चीत काठी टेकवून बसलेले नरसिंगआप्पा, तिचे थोरले चुलते.

तिचे पाय उंबऱ्याशी थांबले. हात पदराकडे गेला.

“काहून थांबलात, ताई?” शिवहार मागून म्हणाला.

“चालू द्या तुमचं,” आप्पा शांतपणे म्हणाले. “माझी काय अडचण? त्या दिवशी बी इथंच बसलो होतो म्या, कॅमेऱ्याच्या मागं. तुझी माय लई चांगली बसली होती बग.”

आप्पा कधी कोणाला वावगा शब्द बोलले नव्हते. बाहेर येऊ नको, असंही ते कधी म्हणाले नव्हते. पण थोरल्या दिरासमोरून सुनेने जायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आई देवळाला निघो, दळणाला निघो, आधी याच दाराआड उभी राहायची आणि लहानग्या अंजलीला पुढे पाठवायची. कोणी नसलं तर अंजली हात हलवायची आणि आई भराभर निघून जायची. आप्पा असले तर आई तिथेच थांबायची. कधी कधी जायचंच राहून जायचं.

अंजलीचे ओठ आपोआप हलले.

“अंजे, आप्पा बसलेत का, बघ बरं.”

इतक्या दिवसांत आरशात न जुळलेले ओठ आता जुळले. तोच वेळ, तीच उघडझाप, शेवटची ती वाट बघणारी हनुवटीसुद्धा.

कॅमेरा चालूच होता. अंजलीने उंबरा ओलांडला. आप्पांच्या समोरून चार पावलं गेली आणि शिवहारने नको म्हटलं होतं तरी मागे वळली. खोलीत हळदीची पोती होती, कॅमेऱ्यामागे शिवहार होता, आणि दारात कोणी नव्हतं.

“बसलेत,” ती दाराकडे बघून म्हणाली. “बसू दे. तू ये.”