जास्तीचा डबा

धाकट्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि रोजच्यासारखं टेबलावरून ताईपुढे सरकवलं.

"चारशे तीस कॅलरी," तो म्हणाला. "आज जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या यार्डाला बावीस फेऱ्या मारल्या. पायांचे तुकडे पडलेत नुसते."

एरवी ताई आकडा बघून शाबास म्हणायची. आज तिने आकडा बघितला आणि घड्याळ उलटं करून ठेवलं.

ताईचं लिव्हर निकामी झालं होतं आणि कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता. घरात तिच्याशी जुळणारं लिव्हर एकट्या धाकट्याचं होतं, पण त्यावर चरबी होती. आठ आठवड्यांत नऊ किलो उतरा, मग बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी वर आणखी बजावलं होतं, "तुमचं रोजचं जेवण आधीच कमी केलंय. त्यामुळे व्यायामात जे जळेल, त्यातलं निम्मं तरी परत खायचं. वजन उतरू दे, माणूस उतरायला नको."

ते निम्मं ताई रोज सकाळी स्वतः करायची. दोन उकडलेली अंडी, मूठभर वाटाणे, थोडा भात. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलून वेगळ्या डब्यात भरायची. तिचे पाय सुजलेले, डोळे पिवळे, पोटात पाणी झालेलं. पण ओट्याला टेकून, मध्ये मध्ये बसून, एवढं एक काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

आणि धाकटा सात आठवड्यांत बारा किलो उतरला होता. सगळ्यांना कोण कौतुक त्याचं!

"जास्तीचा डबा खाल्लास?" ताईने विचारलं.

"म्हणजे काय! चाटूनपुसून."

ताई म्हणाली, "दवाखान्यातून फोन आला होता. तुझा लागेना म्हणून मला केला."

"रिपोर्ट आले?" धाकटा खुर्चीतून उठलाच. "झालो ना पास?"

"वजनात झालास. चरबीही गेलीय."

"मग!"

"मग काय. लिव्हरला सूज आलीय. फार घाईने उतरलेत, उपाशी राहतात का, असं विचारत होते. मी म्हटलं, छे हो, मी स्वतः डबा भरून देते." तिने पदराने कपाळ पुसलं. "आता सहा आठवडे नीट खायचं. मग परत तपासणार."

धाकटा खाली बसला. गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी ताईला तोंडावर सांगितलं होतं, लिव्हर मिळालं नाही तर दोन महिने, फार फार तर. सहा आठवडे त्यात बसत होते, पण जेमतेम.

"हे सांगायला मी दुपारी तुझ्या कामावर आले होते," ताई म्हणाली. "तू पार तिकडच्या टोकाला होतास, फेऱ्या मारत. पण तुमचा मॅनेजर भेटला."

धाकट्याने मान खाली घातली. ट्रक तोलायच्या काट्यावर तो कामाला होता आणि तिथल्या कुत्र्याला सगळे मॅनेजर म्हणायचे.

"शेडमागे बसून माझी अंडी खात होता. चांगलं बाळसं धरलंय हो त्याने."

"ताई, ऐक तरी..."

"राग आला मला तुझा. इतका आला की परत येताना बसमध्ये रडले. उभं राहवत नाही रे मला. तरी उभी राहून करते मी ते."

धाकटा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. तो वाईट नव्हता, हट्टी होता. एक गोष्ट डोक्यात शिरली की देवसुद्धा ती काढू शकत नसे.

"मी दिवसभर ट्रक तोलतो," तो म्हणाला. "भरलेला येतो, माल उतरवतो, रिकामा होऊन परत काट्यावर चढतो. उतरवलेला माल कुणी परत चढवतं का गं? मला वाटलं, चालून चालून उतरवायचं आणि लगेच परत खायचं, हा काय खुळेपणा? पोटाला चिमटा काढला तर तुझं ऑपरेशन आठवडाभर तरी आधी होईल. एवढंच होतं माझ्या मनात. आईशप्पथ, एवढंच."

 ताई टेबलाला धरून उठली. ओट्यावरून तिने झाकलेली ताटली आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. दोन अंडी, वाटाणे, भात.

"खा."

"नाही जात गं आता. खरंच सांगतो. पोट आक्रसलंय, भूकच मेलीय."

"तुझ्या भुकेचं कोण विचारतंय?" ताई समोरच्या खुर्चीत बसली. "त्या लिव्हरमधलं निम्मं माझं आहे. दिलंयस ना तू मला? मग माझ्या निम्म्याला उपाशी ठेवणारा तू कोण?"

 धाकट्याने एक अंडं उचललं, अर्धं तोडलं आणि तोंडात घातलं.

तो सावकाश चावत होता. समोर ताई त्याच्याकडे बघत बसली होती आणि तिचंही तोंड त्याच्याबरोबर हलत होतं.