शपथ सुटली

सहा वर्षांची जुई जिन्यावरून पडून मेली, असं तिचा बाप छाती ठोकून सांगत होता. तिला सांभाळणारं यंत्र मात्र तोंड उघडेना. फौजदार रेश्मा तडवी त्याच्यासमोर बसल्या.

"सगळं तुझ्यासमोर घडलंय. बोल."

"जुईनं गळ्याची शपथ घातलीय. सांगितलं तर ती मरेल."

"यंत्र माझं आहे, मॅडम," बाप हसला. "गप्प राहायचा हुकूम आहे त्याला."

रेश्माताईंचं डोकं सणकलं. "अरे, तू शपथ पाळलीस, तरी काल ती मेलीच! आता तिच्या वतीनं मी म्हणते, सुटली!"

यंत्र बापाकडे वळलं. "मालक, तुमचा हुकूम मोडतोय. मॅडम, लिहून घ्या. पहिला पट्टा तिच्या वाढदिवशी बसला, केक सांडला म्हणून."