दुसरा साक्षीदार

"आता आवाज बंद करून बघू," संकलक म्हणाला, आणि बाईंनी आवाज बंद केला.

परीक्षकांच्या खोलीत तिघंच होते. अध्यक्ष, आयुष्यभर चित्रपट कापत-जोडत आलेला संकलक, आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. राजकीय इतिहासावरच्या माहितीपटांतून एक निवडायचा होता. निवडलेला माहितीपट शाळाशाळांतून दाखवला जाणार होता, म्हणजे पुढच्या पिढीला तोच इतिहास. संकलक प्रत्येक माहितीपट एकदा मुका पाहायचा. त्याचं म्हणणं, संगीत काढून घेतलं की दिग्दर्शकाचा कल उघडा पडतो. कुणाला छान उजेडात बसवलंय आणि कुणावर खालून प्रकाश मारून त्याचं भूत केलंय, ते दिसतं.

बाईंची रीत वेगळी. त्या विचारायच्या, हे याला कुणाकडून कळलं? आणि त्याला कुणाकडून? पाठीमागे आपल्याला 'चाळणी' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सकाळीच त्यांनी एक देखणा माहितीपट बाद केला होता. त्यात तीन विद्वान एकच गोष्ट छातीठोकपणे सांगत होते. बाईंनी खणून काढलं, तर तिघांनी एकच पुस्तक वाचलेलं. तोंडं तीन, घास एकच, असं म्हणून त्यांनी शून्य गुण दिले होते.

या माहितीपटाच्या वेळी मात्र त्यांना खुर्चीत धड बसवत नव्हतं.

विषय पुलावरच्या गोळीबाराचा होता. कामगारांचा मोर्चा पुलावर आला, गोळ्या सुटल्या, माणसं मेली. पोलीसप्रमुख शेवटपर्यंत सांगत राहिले की गृहमंत्री नियंत्रण कक्षात आले आणि त्यांनीच तोंडी हुकूम दिला. गृहमंत्री शेवटपर्यंत सांगत राहिले की आपण त्या दिवशी आजारी होतो, घराबाहेर पडलोच नाही. लोकांनी पोलीसप्रमुखांवर विश्वास ठेवला.

ते गृहमंत्री म्हणजे बाईंचे वडील.

हे त्यांनी अध्यक्षांना आधीच सांगितलं होतं. एवढ्या एका माहितीपटापुरतं मला वगळा, म्हणाल्या होत्या. अध्यक्ष हसले होते. तुम्ही तर सख्ख्या बापाचेही गुण कापाल, तुम्हीच बसा, असं त्यांचं उत्तर.

आणि आता हा माहितीपट म्हणत होता की वडील निर्दोष होते.

बाईंनी त्याचा पिच्छाच पुरवला. आपलं मन पाघळतंय असं वाटलं की त्या अधिकच कडक होत. तारखा तपासल्या. चित्रफितीतला पूल तोच आहे का, हे कठड्यावरून आणि दिव्याच्या खांबांवरून पडताळलं. जुनी वर्तमानपत्रं काढून वाचली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. राहता राहिला एक माणूस, वडिलांचा म्हातारा ड्रायव्हर.

"साहेब तापाने फणफणले होते," आवाज पुन्हा चालू केल्यावर तो पडद्यावर सांगत होता. "दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वहिनीसाहेब कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. उठून बसायची ताकद नाही, तो माणूस नियंत्रण कक्षात कुठून जाईल?"

संकलकाने मान हलवली. म्हातारा बोलतो छान, पण मीठ खाल्लेला माणूस, शिवाय एकटाच. याच्या एकट्याच्या खांद्यावर सगळा डोलारा. अध्यक्षांनाही ते पटलं. याच्याशी लागेबांधे नसलेला दुसरा साक्षीदार मिळाला तर ठीक, नाहीतर बाद करू, असं ठरायला आलं.

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायल्या. शाळेत मुली त्यांच्या शेजारी बसायच्या नाहीत. "खुन्याची पोर" हे शब्द त्यांना अजून झोपेत ऐकू यायचे. बोलावं तर पक्षपात, आणि गप्प बसावं तर बापावर दुसऱ्यांदा अन्याय. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"दुसरा साक्षीदार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी. लहान होते, पण बघितलंय. पितळेचं पातेलं, आईचा हात, बाबांचं लालबुंद कपाळ. आणि ड्रायव्हरकाकांशी मी या विषयावर जन्मात बोललेले नाही."

संकलकाने उलटसुलट विचारलं. तो त्याच दिवसाचा ताप कशावरून? बाहेर गोळीबाराची ओरड झाली आणि आईचा पट्टी पिळणारा हात थांबला, बाई म्हणाल्या. एवढं बारीक कुणी रचून सांगत नाही, हे त्यालाही मान्य करावं लागलं. अध्यक्षांनी निकाल लिहिला, तिघांनी सह्या केल्या आणि तो लगेच रवाना झाला.

घरी आई मटार सोलत बसली होती. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आता शाळाशाळांतून दाखवणार आहेत, आई, बाबा सुटले, म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं.

आईचेही डोळे भरून आले. "ड्रायव्हर भला माणूस," ती म्हणाली. "सुट्टीवरून आल्यावर मी जे सांगितलं, ते शब्दाला शब्द लक्षात ठेवलंन त्यानं."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तो घरी नव्हता?"

"छे. तो आठवडाभर गावाला होता."

"असू दे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मी होते ना. मी दारात उभी राहून बघितलंय. पट्ट्या, पातेलं, सगळं."

आईचे हात थांबले.

"तू सही केलीस त्याच्यावर?"

"केली."

"अगं, ते मी तुला सांगायचे. शाळेतून रडत यायचीस, म्हणून रोज निजताना सांगायचे." आईने परात बाजूला सारली. "तू घरात नव्हतीसच. आदल्या दिवशीच तुला मावशीकडे पोचवलं होतं. तुझे बाबाच म्हणाले, उद्या पुलावर गोळ्या सुटतील, पोरीला इथे ठेवू नकोस."