मऊ धातू

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा वितळला, तेव्हा मारोतरावांना तो स्वतःचा अपमान वाटला. त्यात मुद्दाम लवकर वितळणारा धातू भरतात, कुकर प्रमाणाबाहेर तापला की तो वितळून वाफेला वाट करून देतो, हे जुनवानी भागातल्या दुकानदारानं समजावून पाहिलं. पण उभी हयात भिलाईच्या स्टील प्लांटात काढलेल्या माणसानं घरात वितळणारी वस्तू का म्हणून ठेवावी? त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून स्टीलचा बोल्ट करवून आणला आणि व्हॉल्व्हच्या जागी स्वतःच्या हातानं आवळून बसवला.

आज डाळ गॅसवर चढून बराच वेळ झाला, तरी शिट्टी होईना. कुकर जागच्या जागी थरथरायला लागला, तसा अंगणात उभ्या मारोतरावांना तो बोल्ट आठवला आणि दरदरून घाम फुटला.

"सरा जी बाजूले, मी गॅस बंद करतो," गयाबाई म्हणाल्या. "एवढे भेता कावून?"

"तू जाऊ नोको! मी जातो."

बायकोला मागे सारून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ते उंबऱ्याशी पोचले, तोच मोठ्ठा फुस्स आवाज झाला. वाफेबरोबर डाळ छताला जाऊन चिकटली. कुकर मात्र शाबूत होता.

जीव वाचल्याचं मारोतरावांच्या लक्षातही आलं नाही. "गया, स्टील वितळलं कसं? आपलं स्टील?"

गयाबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला.



"तुमचं स्टील लय पक्कं हाय जी. म्हणूनच तं म्या ते त्याच दिवशी काढून दुकानातलं लावलं."