बिनजाळीच्या रांगा

बेसबॉल क्लबचे वकील कोर्टात ठासून म्हणाले, “प्रेक्षकाला चेंडू लागल्याचं क्लबच्या कानावर कधीच आलं नव्हतं.” साक्षीला आलेल्या सफाईवाल्या तोमीएच्या अंगाचा तिळपापड झाला. चेंडूने डोळा गेलेली चिनात्सू समोरच बसली होती. तोमीएने बिस्किटांचा डबा उघडला. आत सतरा फुटके चष्मे होते, मैदानात झाडताना सापडलेले, मालक येतील म्हणून जपलेले. “मावशी, चष्मे कुठेही फुटतात,” वकील हसले. “फुटतात ना, साहेब. पण रक्ताळलेले फक्त बिनजाळीच्या रांगांतच सापडले, जिथे चेंडू अडवायला काहीच नाही.” प्रत्येकाला सापडल्याच्या नोंदीची, तारखेची, शिक्क्याची चिठ्ठी बांधली होती. “शिक्का कोणाचा?” न्यायाधीशांनी विचारलं. “माझाच,” मैदानाचे व्यवस्थापक पुटपुटले. महिन्याने निकाल लागला: जबाबदारी क्लबचीच. दारात व्यवस्थापकांनी तोमीएला गाठलं. “उद्यापासून मैदानात पाऊल टाकायचं नाही!” “टाकणार की!” तिने चिनात्सूचा हात धरला. “जाळी लागू दे, दोघी तिकीट काढून येतो.”